काट्याची साक्ष

अणुवीज हवी की नको, या वादात गेल्या अर्धशतकात पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. एका बाजूस विजेची वाढती भूक, तर दुसऱ्या बाजूस किरणोत्साराचे भय. इकडे शास्त्रज्ञांचा आत्मविश्वास, तर तिकडे जमिनी गमावणाऱ्या गावकऱ्यांचा आक्रोश. हा वाद आवश्यकच आहे आणि तो पुढेही चालू राहील. परंतु त्याच्या धुरळ्यात एक साधा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. केंद्र उभे राहिले, वीज वाहू लागली, त्यानंतर त्याच्या नियंत्रणकक्षातील काटे खरे बोलतात की नाही हे कोण तपासतो, किती दिवसांनी तपासतो आणि कशाच्या आधारे तपासतो? हा प्रश्न तज्ज्ञांचा म्हणून सोडून देण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक तो जितका विज्ञानाचा, तितकाच प्रामाणिक नोंदीचा आहे. आणि प्रामाणिक नोंद म्हणजे काय, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला आणि कीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला कोणी शिकवण्याची गरज नाही. या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यासाठी अणुवीजकेंद्रातील शेकडो उपकरणांपैकी एकच उपकरण पुरेसे आहे. ते म्हणजे हायड्रोजनमापक.

हायड्रोजनची ओळख शाळेच्या प्रयोगशाळेत होते. परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की ‘फट्’ असा आवाज होतो आणि वर्ग हसतो. तोच वायू अणुभट्टीत निर्माण झाला, तर हसण्यासारखे काही उरत नाही. भट्टीतील युरेनियमच्या गोळ्या झिरकोनियम या धातूच्या मिश्रणापासून केलेल्या नळ्यांत भरलेल्या असतात. इंधनावरील पाणी आटले आणि या नळ्या अतोनात तापल्या, तर झिरकोनियम वाफेतील ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. १२०० अंश सेल्सियसच्या पुढे ही क्रिया फार वेगाने होते. शिवाय तिच्यातूनच उष्णता निर्माण होत असल्याने आगीत तेल पडते. हा हायड्रोजन भट्टीभोवतीच्या बंदिस्त वास्तूत साठू लागतो. हवेतील त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत असेल तोवर तो पेट घेत नाही. ती मर्यादा ओलांडली की एखादी ठिणगी पुरते. प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास गेले, तर नुसती आग न होता भिंती फोडणारा स्फोट होऊ शकतो. म्हणजे १ टक्का की ४ टक्के की ८ टक्के, हा हिशेब तेथे जीवनमरणाचा ठरतो.

हा हिशेब हाती नसला म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड केंद्राने दाखवून दिले. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे ४ वाजता तेथील दुसऱ्या भट्टीत बिघाड सुरू झाला. एक झडप उघडली ती बंदच झाली नाही. नियंत्रणफलकावरचा दिवा मात्र झडप बंद असल्याचा भास निर्माण करीत होता. कारण तो दिवा झडपेची स्थिती दाखवीत नव्हता, झडपेला दिलेला हुकूम दाखवीत होता. हुकूम सुटला म्हणजे काम झाले, असे मानणारी कचेरी आणि तो दिवा यांत फारसा फरक नव्हता. पाणी निघून गेले, इंधन उघडे पडले आणि हायड्रोजन तयार झाला. दुपारी दोनच्या सुमारास वास्तूतील दाबाच्या आलेखावर एकाएकी उंच सुळका उमटला. दर चौरस इंचास २८ पौंड इतका तो दाब होता. काहींना दबका धक्काही ऐकू आला. तरीही विजेच्या यंत्रणेतील किरकोळ खोडी म्हणून त्या सुळक्याकडे दुर्लक्ष झाले. तो हायड्रोजनचा भडका होता, हे उमगण्यास दुसरा दिवस उजाडावा लागला. वास्तू याहून मोठा दाब सोसण्याइतकी भक्कम होती, म्हणून निभावले.

पुढे नेमकी उलट चूक झाली. भट्टीच्या पात्रात हायड्रोजनचा बुडबुडा साठला असून तो केव्हाही फुटेल, अशी भीती ३० मार्चपासून पसरली. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी केंद्रापासून ५ मैलांच्या बाहेर जावे, असा सल्ला राज्यपालांनी सुरक्षेसाठी दिलाच होता. त्यात ही भीती मिळाली आणि हजारो कुटुंबांनी घरे सोडली. वस्तुतः पात्रात स्फोटास लागणारा ऑक्सिजनच साठू शकत नव्हता, हे गणित नंतर सुटले. ज्या दिवशी हायड्रोजन खरोखर पेटला त्या दिवशी कोणी घाबरले नाही. जेव्हा तो पेटणे शक्य नव्हते तेव्हा सारा प्रदेश घाबरला. दोन्ही चुकांचे मूळ एकच होते. भरवशाचा आकडा समोर नव्हता.

या अनुभवातून नियम झाले. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने नोव्हेंबर १९८० मध्ये जो सुधारणांचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यात बंदिस्त वास्तूतील हायड्रोजनचे प्रमाण ० ते १० टक्क्यांपर्यंत नियंत्रणकक्षात सतत दिसले पाहिजे, अशी अट घातली. आपत्कालीन पाणी सोडण्यास आरंभ झाल्यापासून अर्ध्या तासात हे मापक काम करू लागले पाहिजे, असेही बजावले. मापकाचे तत्त्व तसे साधे आहे. हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट उष्णता वाहून नेतो. वास्तूतील हवा एका बारीक नळीतून बाहेर ओढून तापलेल्या तारेवरून नेली की हायड्रोजनच्या प्रमाणात ती तार निवते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचे टक्क्यांत रूपांतर होऊन काटा हलतो. काही मापकांत उत्प्रेरकाचा उपयोग करतात. तत्त्व निराळे असले तरी हेतू तोच.

पण काटा हलला म्हणजे तो खरे बोलला असे नव्हे. तारा जुन्या होतात, उत्प्रेरक थकतात, पंप मंदावतात, इलेक्ट्रॉनिक भाग हळूहळू भरकटतात. म्हणूनच कॅलिब्रेशन, म्हणजे ठरलेल्या मापाशी काटा ताडून पाहणे, अपरिहार्य होते. अमेरिकी केंद्रांच्या परवान्यास जोडलेल्या तांत्रिक नियमावलीत यासाठी दीर्घकाळ एक ठराविक पद्धत होती. दर १२ तासांनी दोन्ही मापकांवर नजर टाकायची. दर ३१ दिवसांनी त्यांच्या विद्युतमार्गाची परीक्षा घ्यायची. आणि ९२ दिवसांच्या मुदतीत प्रत्यक्ष वायू सोडून मापक ताडायचे. त्यासाठी दोन सिलिंडर लागत. एकात नायट्रोजनमध्ये १ टक्का हायड्रोजन, दुसऱ्यात ४ टक्के. पहिल्यावर काट्याने १ दाखवावा, दुसऱ्यावर ४. वजनमापे निरीक्षक दुकानदाराच्या तराजूत शिक्क्याचे वजन ठेवून पाहतो, त्याहून ही क्रिया तत्त्वतः वेगळी नाही. आणि निरीक्षकाचे वजन जसे वरच्या प्रमाणाशी ताडलेले असावे लागते, तसेच सिलिंडरातील मिश्रणही प्रयोगशाळेने प्रमाणित केलेले असावे लागते. भारतात या उतरंडीच्या शिखरावर नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. उतरंडीतील एक मडके कच्चे निघाले, तर वरची सारी कोसळतात.

तराजूशी असलेले हे साम्य मात्र येथेच संपते. कारण दुकानातला तराजू रोज वापरला जातो, हायड्रोजनमापकाची खरी कसोटी कदाचित चाळीस वर्षांत एकदाही लागत नाही. लागलीच तर ती सिलिंडरातल्या स्वच्छ, कोरड्या, थंड वायूत लागणार नाही. तेव्हा वास्तू वाफेने कोंदलेली असेल, किरणोत्सार प्रचंड असेल, दाब वाढलेला असेल. समजा, वास्तूत ५० टक्के वाफ, ४६ टक्के हवा आणि ४ टक्के हायड्रोजन आहे. नमुन्याची नळी गरम ठेवली नाही, तर वाफेचे वाटेतच पाणी होईल आणि उरलेल्या कोरड्या वायूत मापक ८ टक्के दाखवील. दुप्पट दाखवले म्हणजे ते खोटे ठरले का? वाफ दाट आहे तोवर ती आगीला आवर घालते, म्हणून आजचा खरा आकडा ४. परंतु थंड पाण्याचे फवारे सुरू करून वाफ बसवली, की वास्तूतही ८ टक्केच होतील आणि तेव्हा तो वायू पेटेल. कोणता आकडा कोरडा, कोणता ओला, हे न जाणणाऱ्या माणसाला अचूक मापकही चुकीच्या दिशेने नेऊ शकते.

भारताच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. येथील बहुसंख्य भट्ट्यांत इंधनावरून साधे पाणी नव्हे, जड पाणी खेळते. झिरकोनियमने ते फोडले तर प्रथम निघतो तो हायड्रोजनचा जड भाऊ, ड्यूटेरियम. तो पेटतो हायड्रोजनसारखाच. पण उष्णता वाहण्याची त्याची शक्ती सुमारे एक चतुर्थांशाने कमी आहे. उष्णतावहनावर चालणारे आणि केवळ हायड्रोजनवर ताडलेले मापक त्याचे प्रमाण खरे असेल त्याहून कमी दाखवणार. तात्पर्य, परदेशी नियमपुस्तकातील कोष्टक उतरवून घेतल्याने भागत नाही. आपले मापक आपल्या भट्टीत काय मोजणार आहे, याचा विचार चाचणी ठरवतानाच व्हावा लागतो.

आता या चाचणीच्या गाभ्याकडे वळले पाहिजे. प्रत्येक वास्तूस दोन स्वतंत्र मापके असतात, एक फसले तर दुसरे असावे म्हणून. दोन्हींची ताडणी एकाच दिवशी, एकाच हाताने, एकाच सिलिंडरने केली आणि तो सिलिंडरच सदोष असला, तर दोन्ही मापके एकच खोटा आकडा एकमुखाने सांगतील. पढवून आणलेल्या दोन साक्षीदारांच्या एकवाक्यतेला न्यायालयात जी किंमत, तीच या एकमताला. म्हणूनच दोन्हींच्या चाचण्यांत अंतर ठेवण्याचा नियम होता. याहूनही महत्त्वाची गोष्ट नोंदवहीत आहे. नोंदवहीत दोन रकाने असतात: हात लावण्यापूर्वी मापक काय दाखवत होते, आणि दुरुस्तीनंतर काय दाखवू लागले. दुसरा रकाना नेहमीच सुंदर असतो. खरी माहिती पहिल्यात असते. ४ टक्क्यांचा वायू सोडल्यावर काटा ३ वर थांबला, तर त्याचा अर्थ गेल्या चाचणीनंतर केव्हातरी, कदाचित कित्येक आठवडे, केंद्र चुकीच्या मापकाच्या भरवशावर चालत होते असा होतो. तंत्रज्ञाने आधी काटा सरळ केला आणि मग दोन्ही रकान्यांत ४ लिहिले, तर यंत्र दुरुस्त झाले खरे, पण पुरावा नष्ट झाला. महिनाअखेरीस एकाच शाईने भरलेले हजेरीपत्रक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या मोहाचे स्वरूप वेगळे सांगायला नको. अणुवीजकेंद्रातही माणसेच काम करतात.

हा मोह काल्पनिक नाही. जपानमधील टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने आपल्या केंद्रांतील तपासणीच्या नोंदींत वर्षानुवर्षे फेरफार केल्याचे २००२ साली उघडकीस आले. फुकुशिमा दाइचीच्या पहिल्या भट्टीची बंदिस्त वास्तू किती गळते, याची चाचणी १९९१ आणि १९९२ साली घेताना आत हवा सोडून गळती कमी भासवली गेली होती. कंपनीच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले, त्या भट्टीस वर्षभर बंदीची शिक्षा झाली आणि २००३ च्या वसंतात कंपनीच्या सर्व १७ भट्ट्या थंड पडल्या होत्या. हा फेरफार आणि नऊ वर्षांनी आलेली आपत्ती यांच्यात कार्यकारणभाव जोडणे अन्यायाचे होईल. परंतु जी संस्था परीक्षेत स्वतःला फसवते, तिला संकटात स्वतःची स्थिती कळत नाही, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. वारंवार चाचणी हे निरपवाद वरदान नव्हे. ताडणी चालू असताना मापक सेवेबाहेर असते; झडपा पुनःपुन्हा उघडल्याने झिजतात; तंत्रज्ञाच्या हातून झडप चुकीच्या स्थितीत राहण्याचा धोका प्रत्येक खेपेस उद्भवतो. मापके स्थिर राहतात असे अनुभवाने दिसले, तर मुदत वाढवणे शहाणपणाचे ठरू शकते. याच विचारसरणीने अमेरिकी आयोगाने २००३ साली नियम बदलले. मापके चालू स्थितीत व विश्वसनीय असावीत ही अट राहिली; पण सर्वोच्च सुरक्षा-श्रेणीतून ती उतरवण्यात आली आणि परवान्याच्या नियमावलीतील त्यांच्या चाचण्या वगळण्यास वाट मोकळी झाली. या निर्णयामागे अभ्यास होता, तो लहरीने घेतलेला नव्हता. मात्र त्याचा एक अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. चाचणी सैल करण्याचा अधिकार पहिल्या रकान्यातील आकड्यांतून मिळतो. ते आकडे खरे असतील तर सवलत शास्त्रीय ठरते. ते रंगवलेले असतील तर तीच सवलत जुगार होय.

मार्च २०११ मध्ये फुकुशिमाने या प्रश्नाला आणखी एक परिमाण दिले. ११ तारखेच्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने वीज गेली आणि तिच्याबरोबर मापकेही गेली. पहिल्या भट्टीतील पाण्याची पातळी दाखवणारे उपकरण काही काळ इंधन पाण्याखाली असल्याचे सांगत होते, तेव्हा इंधन प्रत्यक्षात उघडे पडलेले होते. तुलनेसाठी त्या उपकरणात राखलेले पाणीच उष्णतेने उडून गेले होते. १२ मार्चला दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी पहिल्या भट्टीची इमारत फुटली, १४ तारखेस तिसरीची आणि १५ तारखेस चौथीची. आतली वास्तू नायट्रोजनने भरलेली असल्याने तेथे हायड्रोजन पेटू शकत नव्हता. तो बाहेर झिरपून इमारतीच्या वरच्या मजल्यावर साठला. हायड्रोजन मोजण्याची सोय आतल्या वास्तूसाठी होती, वरच्या मजल्यावर नव्हती. चौथ्या भट्टीत तर इंधनच नव्हते. तिचा स्फोट कसा झाला हे न कळल्याने वापरलेल्या इंधनाच्या तलावातील पाणी आटले असावे असा संशय जगभर पसरला. तिसऱ्या भट्टीचा हायड्रोजन सामाईक नळांतून तेथे शिरला होता, हे नंतर स्पष्ट झाले. उत्तम ताडलेले मापकही वीज नसताना मुके आणि चुकीच्या जागी आंधळे असते. चाचणी केवळ काट्याची नव्हे, तर नळी, बॅटरी, जागा आणि माणूस या साऱ्या साखळीची व्हावी लागते.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ सालच्या. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीप्रमाणे त्याही जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. हायड्रोजनचा तडाखाही भारताने अनुभवला आहे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडून पेटला, केबली जळाल्या आणि सुमारे १७ तास केंद्र विजेविना राहिले. हा हायड्रोजन भट्टीतला नव्हता आणि किरणोत्सारही बाहेर पडला नाही. तेथील कर्मचाऱ्यांनी अंधारात दाखवलेले प्रसंगावधान गौरवास्पदच होते. परंतु प्रसंगावधानावर राष्ट्राने किती काळ विसंबावे? फुकुशिमानंतर भारतीय केंद्रांत विजेविना चालणारी, उत्प्रेरकाच्या साह्याने हायड्रोजनचे पाणी करणारी उपकरणे बसवण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला, हे स्वागतार्ह होय. तथापि त्यांचे उत्प्रेरकही धुळीने व तेलाच्या वाफांनी निकामी होऊ शकतात. म्हणजे चाचणीचे ओझे कमी झाले नसून त्यात आणखी एका उपकरणाची भर पडली आहे.

प्रश्न अखेर देखरेखीपाशी येतो. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ सरकारी आदेशाने निर्माण झाले होते. त्याला पुरेसे कायदेशीर अधिकार व स्वातंत्र्य नाही, असा ठपका नियंत्रक व महालेखापालांनी २०१२ साली ठेवला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक अधिष्ठान दिले आणि त्याच वेळी खासगी कंपन्यांना अणुवीजेचे दार उघडले. जेथे प्रत्येक तास वीज विकून पैसा येतो, तेथे तीन महिन्यांनी येणारी, काहीच न घडवणारी चाचणी ताळेबंदात खर्चाच्या बाजूस दिसते. सरकारी केंद्रात आळसाचा मोह असतो, खासगी केंद्रात नफ्याचा. नोंदवहीला दोन्ही सारखेच घातक.

यास्तव मागण्या साध्या आहेत. चाचणीची मुदत केंद्राने एकट्याने वाढवू नये. पहिल्या रकान्यातील आकडे पाहून मंडळाने वाढवावी आणि कारणे लिहून ठेवावीत. ताडणी करणारा हात आणि नोंद तपासणारा डोळा एकाच वरिष्ठाच्या ताब्यात नसावा. हायड्रोजन जेथे जाऊ शकतो अशा प्रत्येक दालनात मापक असावे आणि त्याला स्वतंत्र बॅटरी असावी. आणि हात लावण्यापूर्वी किती मापके मर्यादेबाहेर सापडली, याचा केंद्रनिहाय गोषवारा दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. यात राष्ट्रीय गुपित असे काही नाही. उलट चुकलेल्या मापकांची संख्या वर्षानुवर्षे शून्य असलेले केंद्र अधिक बारकाईने तपासले पाहिजे, हे नागरिकांनाही कळू लागेल. चूक नोंदवणाऱ्या तंत्रज्ञाला शिक्षा न होता शाबासकी मिळाली, तरच तो रकाना खरा भरला जाईल.

काही न घडण्यासाठी केलेल्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. ९२ दिवसांनी सिलिंडर उघडणारा, काटा ३ वर थांबलेला पाहून ३ च लिहिणारा माणूस वर्तमानपत्रात झळकत नाही. तरी केंद्राच्या पंचक्रोशीतील घरे रात्री निर्धास्त झोपतात ती त्याच्या भरवशावर. त्याला खरे लिहिण्याचे धैर्य आणि ते लिहिण्याची मुभा देणे हे सरकारचे, मंडळाचे व समाजाचे काम आहे. तेवढे झाले नाही, तर घुमट कितीही जाड बांधला तरी त्याचा उपयोग नाही.